वगैरे, वगैरे

(तृतीय वर्ष, कला)

मराठीतला सर्वांत उपकारी शब्द कोणता, असे मला कोणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता 'वगैरे' असे उत्तर देईन. परीक्षेत चौथे उदाहरण आठवेनासे झाले की हाच धावून येतो. लग्नाला कोण कोण आले होते हे सांगताना मामा, मावशी, आत्या एवढी नावे झाली, की उरलेल्या शंभर माणसांना एका दमात मांडवात आणून बसवतो तोही हाच. मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि 'आणि त्याखेरीज इतर' हा आपला अर्थ सोबत घेऊन आला. त्याचा संस्कृत भाऊ 'इत्यादी' जरा सोवळ्यातला. 'वगैरे' मात्र कोणाच्याही पंगतीला बसतो. लिहिताना तर आपण तेवढेही कष्ट घेत नाही. तीन टिंबे देतो आणि पुढचे वाचकावर सोपवून मोकळे होतो.

या तीन टिंबांची आणि माझी खरी ओळख मात्र मराठीच्या तासाला झाली नाही. ती झाली भाईंदर पश्चिमेला, संगणकाच्या एका क्लासात. कला शाखेच्या विद्यार्थिनीने तिथे काय करायचे, असे घरातल्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांनी विचारून झाले होते. मी मात्र गेले, आणि तिथे मला भेटले ते व्याकरणच! फक्त त्याने कपडे निराळे घातले होते.

प्रोग्रामिंगमध्ये 'फंक्शन' म्हणून एक चीज असते. फंक्शन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर स्नेहसंमेलन, पताका आणि ध्वनिक्षेपकाची कर्कश शिट्टी उभी राहते. पण हे फंक्शन तसले नव्हे. ठरलेले एक काम करून देणारा तो एक गडी आहे. त्याच्या हाती काही वस्तू द्यायच्या, त्याने त्यांचे काहीतरी करून उत्तर आणून द्यायचे. हाती द्यायच्या त्या वस्तूंना 'आर्ग्युमेंट' म्हणतात. (आर्ग्युमेंट म्हणजे वादावादी, हाही अर्थ येथे विसरावा.) बेरीज करणारे फंक्शन लिहिले आणि त्याला 'अ' आणि 'ब' असे दोन हात दिले, की बेरीज(२, ३) म्हटल्यावर ते ५ आणून देते. बेरीज(२, ३, ५) म्हणा, ते जागचे हलत नाही. हात दोनच, तिसरी वस्तू धरायची कशात?

हे ऐकताना मला आमच्या क्रियापदांची आठवण झाली. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून, आणि त्याच्याही आधीपासून, आपण हेच तर शिकत आलो आहोत. 'झोपणे' या क्रियापदाला एकच माणूस लागतो, तो झोपला की वाक्य पुरे. 'तोडणे'ला दोघे हवेत: तोडणारा आणि तुटणारे. 'आजीने नातवाला गोष्ट सांगितली' यात तिघे आले. अकर्मक, सकर्मक, द्विकर्मक! क्रियापद आपल्या खुर्च्या मोजून मांडते. एक खुर्ची रिकामी राहिली तर वाक्य लंगडते आणि एक माणूस जास्त आला तर तो दारात ताटकळतो.

पण भाषेचा संसार एवढ्यावर चालत नाही, म्हणून तिने समास केले. त्यांत समाहार द्वंद्व म्हणून एक आहे. 'मीठभाकर' या शब्दाचा विग्रह आपण शाळेत घोकला: मीठ, भाकर वगैरे. 'भाजीपाला': भाजी, पाला वगैरे. नावे दोघांचीच घेतली. पण चटणी आली, कांदा आला, चुलीपाशी जे जे असेल ते सगळे त्या दोन शब्दांच्या पदराआड येऊन बसले. ज्या भाईंदरची ओळखच मिठागरांनी घडवली, तिथल्या मुलीला हे उदाहरण पाठ नसेल तर कोणाला असणार? विग्रहातला तो 'वगैरे' आपण पाच गुणांसाठी लिहितो आणि विसरतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना मात्र त्याच्यापायी फार विचार करावा लागला.

'सी' नावाची भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडवली. पडद्यावर अक्षरे उमटवणारे तिचे 'प्रिंटएफ' हे फंक्शन जगप्रसिद्ध आहे. कोणी एक वस्तू छापायला देईल, कोणी दहा देईल. ते सगळ्यांना हो म्हणते. अशी फंक्शने कशी लिहायची याची रीत १९८९ च्या अमेरिकी प्रमाणात पक्की झाली. एका तरी आर्ग्युमेंटचे नाव घ्यायचे, मग स्वल्पविराम, आणि मग तीन टिंबे. अगदी आपली तीन टिंबे! अर्थ हा की, पुढे कितीही येऊ देत.

येऊ देत म्हणणे सोपे आहे. पण आलेल्यांना वाढायचे कसे?

इथे पंगतीचा दाखला घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. समजा, काळोखात पंगत बसली आहे. वाढप्याच्या हातात वाढायचे भांडे आहे. त्याला फक्त पहिले पान कुठे आहे एवढे दाखवले आहे. पंगत किती लांब आहे हे त्याला दिसत नाही. तो एकेका पानापाशी जातो, वाढतो, पुढे सरकतो. 'सी'मधले तीन टिंबांचे फंक्शन नेमके हेच करते. आधी 'यादी सुरू' म्हणायचे, मग दर वेळी 'पुढचा दे', आणि अखेरीस 'यादी बंद'. दर पानाला कोणत्या जातीची वस्तू आहे, पूर्णांक की अपूर्णांक की अक्षरमाला, हेही वाढप्यानेच जाणून घ्यायचे. कारण पान स्वतः बोलत नाही. आणखी एक गंमत म्हणजे या पंगतीत लहान मुलालाही मोठ्यांचेच पान मांडतात. एकटे अक्षर पाठवले तरी ते पूर्णांकाएवढी जागा घेऊन बसते, आणि लहान अपूर्णांक आपोआप मोठ्या मापाचा होतो.

आता पंगत संपली हे वाढप्याने ओळखावे कसे? लोकांनी यावर तीन उपाय काढले, आणि मला ते फार मानवी वाटतात.

पहिला उपाय संख्येचा. यजमानाने आधीच सांगावे, 'सात पाने आहेत.' वाढपी मनात मोजतो, सातव्यावर थांबतो. यजमान मोजायला चुकला तर मात्र आठवा पाहुणा उपाशी राहतो, किंवा वाढपी नसलेल्या पानावर आमटी ओततो.

दुसरा उपाय खुणेचा. शेवटचे पान उलटे घालून ठेवायचे. ते दिसले की थांबायचे. युनिक्समध्ये एका प्रोग्रामातून दुसरा सुरू करून देणारे 'एक्झेक-एल' हे फंक्शन असेच चालते. यादीच्या शेवटी 'नल' नावाचा रिकामा निर्देश ठेवावा लागतो. यात पथ्य एकच. खूण अशी निवडायची की खरा पाहुणा कधीही तसा दिसता कामा नये. उणे एक ही खूण ठरवली आणि कोणाचा हिशेबच उणे एक निघाला, तर यादी तिथेच संपेल आणि मागचे सगळे ताटकळत राहतील.

तिसरा उपाय चिठ्ठीचा. प्रिंटएफ तो वापरते. त्याचे पहिले आर्ग्युमेंट म्हणजे एक ओळ असते, आणि तिच्यात जागोजाग टक्क्याचे चिन्ह आणि त्याला जोडून एक अक्षर. इथे पूर्णांक येईल, इथे अक्षरमाला येईल, असे ती चिठ्ठी सांगते. वाढपी चिठ्ठी वाचतो आणि तिच्यावर निःशंक विश्वास ठेवतो. चिठ्ठीत तीन नोंदी आणि पाने दोनच असली, तरी तो तिसऱ्या पानाच्या जागी हात घालतोच. तिथे संगणकाच्या स्मृतीत जे काही पडलेले असेल, कोणाचे जुने आकडे, कोणाचे गुपित, तेच उचलून पडद्यावर मांडतो. आजचे कंपायलर चिठ्ठी आणि पाने ताडून पाहतात आणि विसंगतीचा इशारा देतात. पण चिठ्ठी ऐन वेळी बाहेरून आली तर त्यांचाही इलाज चालत नाही. काही प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ही चिठ्ठीच परक्याला लिहू दिली होती. मग परक्याने हव्या तेवढ्या नोंदी लिहिल्या आणि वाढपी पंगत ओलांडून थेट घरधन्याच्या कपाटापाशी पोहोचला! २००० साली या जातीचे दोष मोठ्या प्रमाणावर उजेडात आले आणि जगभर धावपळ उडाली.

१९९१ मध्ये गिडो व्हॅन रॉसम यांची 'पायथन' भाषा लोकांसमोर आली. आमच्या क्लासात तीच शिकवतात. तिने या वाढप्याच्या हातात कंदील दिला. आर्ग्युमेंटच्या नावाआधी एक चांदणी काढायची, की आलेले सगळे एका गाठोड्यात बांधून फंक्शनच्या हाती येतात. किती आले ते गाठोड्यालाच विचारता येते, आणि प्रत्येक वस्तू आपली जातही स्वतःच सांगते. दोन चांदण्या काढल्या तर प्रत्येक जण आपापल्या नावानिशी येतो. काळोखातली पंगत उजेडात आली.

पण कंदील आला तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो मला सर्वांत आवडतो. कोणीच आले नाही तर? 'लिस्प' ही १९५८ च्या सुमारास जॉन मॅकार्थी यांनी रचायला घेतलेली भाषा. तिच्या घराण्यात बेरजेची खूण आधी लिहितात आणि मागे हव्या तितक्या संख्या. मागे एकही संख्या दिली नाही तर बेरीज येते शून्य. हे पटते. पण गुणाकार येतो एक! आधी मला हा विनोद वाटला. मग उमगले की ज्याच्यापासून सुरुवात केली असता पुढे येणाऱ्याचे काहीच बिघडणार नाही, असे काहीतरी यजमानाने आधीच मांडून ठेवायचे असते. बेरजेसाठी ते शून्य, गुणाकारासाठी एक. आणि 'यातला सर्वांत मोठा कोण?' असे रिकाम्या खोलीत विचारले तर पायथन चक्क नाही म्हणते. त्या प्रश्नाला रिकाम्या खोलीत उत्तरच नाही. म्हणजे 'कितीही या' म्हणणाऱ्याला बेसावध राहून चालत नाही. शेवट कसा ओळखणार, कोण कोणत्या जातीचा, आणि कोणीच आले नाही तर काय, हे सगळे आधी ठरवून मगच तीन टिंबे लिहायची.

आमच्या गावाने मात्र आधी काहीच ठरवले नव्हते. राई, मुर्धा, मोर्वा, उत्तन, डोंगरी, नवघर अशी शेतीची, मासेमारीची आणि मिठाची ही गावे. १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे होती. २०११ मध्ये ती आठ लाखांच्या वर गेली. मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी भाषक, तमिळ, मल्याळी... पाहा, शेवटी मलाही तीन टिंबे द्यावीच लागली.

एवढी माणसे मावली कशी? त्याचे उत्तर सकाळच्या लोकलमध्ये मिळते. बाकडे तिघांचे, पण चौथा माणूस येतो, 'जरा सरका' म्हणतो, आणि तिघे सरकतात. तो अर्धाच टेकतो, पण टेकतो. 'चौथी सीट' असे तिचे नावही रूढ झाले आहे. ज्याने बाकडे घडवले त्याने तीन हात दिले होते. प्रवाशांनी आपल्या बोलण्यातून त्याला चौथा जोडला. माणसांच्या व्यवहारात तीनाचे चार असे होतात. यंत्राला मात्र 'जरा सरका' म्हणता येत नाही.

हे मला कळले ते माझ्या एका मैत्रिणीमुळे. ती मूळची उत्तर प्रदेशातली. जन्म इथला, शिक्षण इथले, मराठी माझ्याइतकेच स्वच्छ. तिच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर तिचे नाव एकच शब्दाचे आहे. आडनाव नाही. तिच्या घरी मुलींच्या नावापुढे काही लावत नाहीत, बस्स! एका परीक्षेचा अर्ज भरायला आम्ही दोघी बसलो. पडद्यावर तीन चौकटी: नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव. तिसरी चौकट रिकामी ठेवली तर लाल अक्षरे उमटत, 'आडनाव आवश्यक आहे.' तिने टिंब दिले. टिंब चालेना. शेवटी तिने पहिलेच नाव पुन्हा लिहिले आणि अर्ज निमूटपणे पुढे गेला. काही महिन्यांनी प्रवेशपत्र आले. त्यावर तिचे नाव दोनदा, आणि ओळखपत्रावर एकदा. परीक्षेच्या दारावर तिला विचारण्यात आले, 'यातल्या तुम्ही कोणत्या?' पाऊण तास ती बाहेर उभी होती. पुढे प्रतिज्ञापत्र झाले, शिक्के झाले. 'माझे नाव चुकीचे आहे असे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले,' असे ती म्हणाली. मला उत्तर सुचले नाही.

आता विचार करते तेव्हा वाटते, ते नाव चुकीचे नव्हते. फंक्शन चुकीचे होते. ज्याने ते लिहिले त्याच्या मनात माणसाचे नाव म्हणजे तीन शब्द, स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव, हे इतके पक्के होते की दुसरी शक्यता त्याला दिसलीच नाही. त्याने जी मराठी माणसे पाहिली त्यांना तीन चौकटी पुरत होत्या. पण आमच्या वर्गाचा हजेरीपट काढून पाहा. कोणाच्या नावाआधी वडिलांच्या आणि गावाच्या नावाची आद्याक्षरे आहेत आणि आडनाव असे काही नाहीच. उत्तनच्या कोळी ख्रिस्ती मैत्रिणींची आडनावे पोर्तुगीज वळणाची आहेत आणि घरातली बोली मराठी. कोणाचे नाव चार शब्दांचे, कोणाचे एकाच. हजेरी घेताना आमचे सर कोणालाही चौकटीत कोंबत नाहीत. जेवढे नाव असेल तेवढे हाक मारतात, आणि ज्याचे त्याला कळते.

हा प्रश्न आमच्या एका अर्जापुरता नाही. ज्या भारतीयांच्या पासपोर्टवर एकच नाव असते, त्यांच्या अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' ही तीन अक्षरे छापली जातात. अर्थ असा की, पहिले नाव अज्ञात. आईने बारशाला कानात सांगितलेले नाव अज्ञात! नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने नियम काढला की, पर्यटक किंवा भेटीच्या व्हिसावर येणाऱ्याच्या पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव असेल तर प्रवेश नाही. मग काही दिवसांतच पासपोर्टच्या दुसऱ्या पानावरचे वडिलांचे नाव चालेल अशी सवलत द्यावी लागली. बाकडे जरा सरकले म्हणायचे.

आणि चौकटींची संख्या काही आकाशातून पडलेली नसते. माणसेच ती ठरवतात आणि बदलतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलामुलींच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम लिहायचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला. तीनाचे चार झाले. जिला इतकी वर्षे 'वगैरे'मध्ये धरले होते, त्या आईला स्वतःची जागा मिळाली. या बदलाचा मला मनापासून आनंद आहे. तरीही चार म्हणजे चारच. ज्याच्यापाशी यातले एखादे नाव नसेल, त्याच्यासमोर पुन्हा रिकामी चौकट आणि लाल अक्षरे येऊ नयेत, ही काळजी कोणीतरी घ्यायला हवी.

ती कोणी घ्यायची? 'हे संगणकवाल्यांचे काम' असे आपण कला शाखेचे लोक म्हणतो आणि नामानिराळे होतो. पण फंक्शनला किती हात द्यायचे हे लिहिणे संगणकवाल्याचे काम असले, तरी माणसाला नावे किती असू शकतात, हा प्रश्न त्याचा नाही. तो आपला आहे. नावे कशी ठेवतात, कोणत्या समाजात आडनाव नसते, कोणाच्या नावात गाव येते आणि कोणाच्या नावातून आई गळते, हे मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र शिकणाऱ्यांनी सांगायचे नाही तर कोणी? तीन टिंबे लिहायला त्याला एक क्षण लागतो. ती कुठे लिहायला हवीत हे त्याला सांगायला मात्र शेजारी कोणीतरी बसलेले असावे लागते.

मला कधी नावाचा अर्ज लिहायची संधी मिळाली, तर मी 'सी'च्या त्या १९८९ च्या जुन्या नियमाला धरून लिहीन. एका तरी आर्ग्युमेंटचे नाव आधी घ्या, मग तीन टिंबे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सी'च्या नव्या प्रमाणाने ती एका नावाची अटही काढून टाकली आहे. आता नुसती तीन टिंबेही चालतात. यंत्राला ते चालेल. माणसांच्या बाबतीत मी मात्र ती अट ठेवीन. प्रत्येकाला हाक मारायला एक नाव हवेच, आणि त्याच्या पुढे किती हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मैत्रिणीचे तेवढ्यात भागले असते.